खंडेनवमीची काडतुसं

माझ्या वडिलांनी मला हत्यारी म्हटलं ते वरणभात कालवताना. आयर्लंडमध्ये, मेनूथच्या माझ्या घरी येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. मी हॉस्पिटलमधून दमून आले होते, कुकर लावला होता, त्यांच्यासाठी पापड भाजले होते. त्यांनी जिन्याखालच्या लोखंडी कपाटाकडे मान वळवून विचारलं, "त्यात काय असतं गं? सारखं कुलूप का?" मी खरं ते सांगून टाकलं. रायफल आहे. हरणाच्या शिकारीची. लायसन्स आहे, पोलीस घरी येऊन कपाट बघून गेलेत. त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"म्हणजे एरवी माणसं वाचवायची आणि सुट्टीला मुकी जनावरं मारायची," ते म्हणाले. "डॉक्टर कसली, हत्यारी आहेस तू."

शब्दाचा मला राग आला नाही. हॉस्पिटलात त्याहून वाईट ऐकून घेतलंय. राग आला तो म्हणणाऱ्याचा. कारण माझ्या वडिलांचं उभं आयुष्य पुण्याजवळच्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात गेलं. तिथं ते काडतुसं तपासायचे. माझं शिक्षण, माझे गणवेश, माझी पहिली सायकल, सगळं काडतुसांवर झालं. आणि तो माणूस माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवताना, मला हत्यारी म्हणत होता. मी त्यांना तसं ऐकवलंही. ते म्हणाले, "ती देशासाठी होती." एवढं बोलून त्यांनी पापड मोडला, जणू विषय संपला.

विषय संपला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अट घातली. ज्या घरात बंदूक आहे त्या घरात ते राहणार नाहीत. मी ती विकावी, नाहीतर दसरा झाला की ते परत जाणार. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटे होते. जिन्यात पडले होते, गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते, शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं. मला भाऊ नाही, बहीण नाही. नवरा होता, तो आता दुसऱ्या देशात दुसऱ्या बाईचा नवरा आहे. बाबांनी कायमचं माझ्याकडं राहावं म्हणून मी वकिलाचे उंबरठे झिजवत होते. आणि ते मला रायफल की बाप असं विचारत होते.

विकून टाकायची, असं कोणी शहाणा म्हणेल. मी विकणार नव्हते. मी भूलतज्ज्ञ आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या श्वासावर डोळा ठेवून बसते, आणि शेजारच्या विकलो काउंटीच्या डोंगरात एकटी चालते तेव्हा कुठं स्वतःचा श्वास मला ऐकू येतो. मारते ते खाते, फ्रीजर भरलेला असतो. पण ही कारणं लोकांना सांगायची. खरं कारण असं की दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर कदाचित मी विकलीही असती. यांच्या सांगण्यावरून नाही. ज्यानं आयुष्यभर काडतुसं पास केली त्यानं मला अहिंसा शिकवू नये. या एका मुद्द्यावर मी त्यांना तोंडघशी पाडणार होते, मग ते राहोत की जावोत.

असं आमचं घर पेटलेलं असताना ते माझ्याबरोबर काडतुसं भरायला आले. बोलावलं मी नव्हतं. त्या दिवशी मी पितळेच्या रिकाम्या नळ्यांची पिशवी उचलली आणि ती वाजली. तो आवाज ऐकून ते खोलीतून बाहेर आले. इतक्या वर्षांनीही तो आवाज त्यांनी ओळखला.

"हातानं भरतेस?"

"हो."

"मी येतो. बघू दे काय दिवे लावतेस."

इथं घरी काडतुसं भरता येत नाहीत, कायदा फार कडक आहे. आमच्या क्लबच्या रेंजवर परवाना असलेली एक खोली आहे, तिथंच जाऊन भरायची. खोली सांभाळणारा म्हातारा आयरिश माणूस बाबांना बघून खूश झाला. त्यानं त्यांना दूध घातलेला चहा दिला आणि "यू आर ग्रँड देअर" म्हणत पिवळ्या रेषेमागं खुर्चीवर बसवलं. रेषेच्या अलीकडं यायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. बाबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. हात बांधले होते, तोंड मोकळं होतं.

काडतूस म्हणजे पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात बसवलेली गोळी. गोळी हलू नये म्हणून नळीचं तोंड तिच्यावर आवळतात. त्याला इंग्रजीत क्रिंप म्हणतात. करंजीला मुरड घालतात तसंच हे काम, फक्त सारण वेगळं. आणि माझ्या रायफलीला ही मुरड लागतेच, कारण ती लिव्हरची आहे. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून परत वर मिटली की वापरलेली नळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत जातं. बाकीची काडतुसं बॅरलखालच्या लांब नळीत एकामागे एक आडवी पडलेली असतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला टेकलेलं, आणि स्प्रिंग त्यांना सतत रेटत असते. गोळी सुटली की दर वेळी सगळ्यांना धक्का. मुरड सैल राहिली तर गोळी आपल्याच नळीत मागं सरकते. जास्त आवळली तर पितळ दुमडतं, तोंडाखालचा नळीचा खांदा फुगतो आणि काडतूस बॅरलमध्ये शिरतच नाही. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे.

बाबा नेमके याच कामाचे तपासनीस होते. मुरडीचे. अर्थात त्यांची काडतुसं लष्करी रायफलींची, माझी जुन्या घाटाची, बुडाला काठ असलेली. दोन्हींचं गणित वेगळं. पण ते त्यांना कोण सांगणार?

"डाय वर राहिलाय तुझा," खुर्चीवरून आवाज आला.

डाय म्हणजे नळीचं तोंड आवळणारा साचा, तो प्रेसमध्ये वर बसवलेला असतो; मी प्रेसचा दांडा ओढत राहिले.

"नळ्या सगळ्या एका लांबीच्या कापल्यास का? लांब असेल ती जास्त आवळली जाणार. आखूड असेल ती सैल."

"कापल्यात, बाबा."

"गेज लावलंस?"

"लावलं."

"सैल दिसतंय मला इथून."

"तुम्हाला इथून माझं तोंडही दिसत नाही नीट. मोतीबिंदू काढून घ्या म्हणतेय तर नको म्हणता."

मग मी एक काडतूस उचललं, गोळीचं चपटं नाक लाकडी टेबलावर टेकवलं आणि सगळं वजन टाकून दाबलं. गोळी केसभरही सरकली नाही. मी ते हातात धरून रेषेपाशी गेले आणि त्यांच्या नाकासमोर नाचवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग मात्र त्यांच्या चेहऱ्यावरचा बाप गेला आणि तपासनीस आला. मी फिरवत होते तसतशी त्यांची नजर काडतुसाच्या तोंडाभोवती फिरत होती. पूर्ण वळसा झाला.

"काम नीट आहे," ते म्हणाले. "म्हणून तर जास्त वाईट वाटतं. इतकं नीट काम, आणि कशासाठी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्ही कशासाठी करत होता?"

"सांगितलं ना, देशासाठी."

"देश ती काडतुसं काय करायचा?"

"सराव करतात जवान. पुठ्ठ्याचे पुतळे असतात मैदानात."

"सगळी? तुम्ही आयुष्यभर तपासलेली सगळी पुठ्ठ्यांना लागली?"

ते लालबुंद झाले. "युद्धात शत्रूला लागली असतील. तो शत्रू होता. तुझ्या हरणानं तुझं काय घोडं मारलंय?"

"शत्रू कुठं राहत होता, बाबा? त्याला पोटात लागली की छातीत? बघितलंत कधी?"

"ते बघणं माझं काम नव्हतं!"

म्हाताऱ्यानं दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, एव्हरीथिंग ग्रँड? आम्ही दोघंही हसून हो म्हणालो. परदेशात भांडतानाही मराठी माणसाला परक्यासमोर घरचं झाकायची सवय जात नाही. तो गेला आणि मी हलक्या आवाजात म्हणाले, "मग एकदा बघा. येत्या शनिवारी मी डोंगरावर जातेय. चला माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघा आणि मग मला हवं ते म्हणा."

ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण माझे वडील कुठल्याही आव्हानाला नाही म्हणत नाहीत, आणि मीही त्यांचीच मुलगी.

तो शनिवार खंडेनवमीचा निघाला. माझ्या लक्षातही नव्हतं. इथं कॅलेंडरवर फक्त बँक हॉलिडे लाल असतात. बाबांच्या मात्र पक्कं लक्षात होतं. कारखान्यात नवमीला सगळी मशीनं बंद ठेवून त्यांची पूजा व्हायची, हे मी लहानपणी बघितलंय. तेलकट लेथवर झेंडूच्या माळा आणि पेढ्यांचं ताट. पहाटे मी खाली आले तर त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मांडामांड केली होती. माझा स्टेथोस्कोप, लॅपटॉप, भाजी चिरायची सुरी, माझ्या गाडीची किल्ली. झेंडू मिळाला नाही म्हणून सुपरमार्केटातली नारिंगी शेवंती. माझ्या सुरीला कुंकू लावताना ते आईसारखे ओठ मुडपत होते. क्षणभर मला बरं वाटलं. मी चहा टाकला.

मग निघण्याआधी नेहमीसारखी मी रायफल कपाटातून काढली, रिकामी आहे ना बघितली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उघड्या पेटीत ठेवली. शेजारी कातडी पट्टा ठेवला. त्याच्या एकेका फासात एकेक काडतूस खोचलेलं असतं. मी बूट घालायला वाकले आणि मागून आवाज आला, ओंजळभर तांदूळ लाकडावर सांडावेत तसा.

तांदूळच होते. कुंकू लावून तुपात माखलेल्या अक्षता. रायफलीवर, पट्ट्यावर, सगळीकडे. बाबा ताट हातात धरून हातभर लांब उभे होते.

"हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुझा कायदा मला माहीत आहे."

"हे काय केलंत?"

"पूजा केली. शस्त्राची पूजा आजच करतात. आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. उद्या दसरा आहे, सीमोल्लंघन झालं की मग काय ते कर. आज नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे सुरी, स्टेथोस्कोप, शेवंती सगळं सोंग होतं. ज्या वस्तूला त्यांनी घरात ठेवू नको म्हटलं, तिलाच त्यांनी नमस्कार घातला होता, केवळ मी ती आज उचलू नये म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या डोंगरावर मी शिकारीला जाते त्या शेतकऱ्यानं मला याच शनिवारी बोलावलं होतं, आणि हे बाबांना माहीत होतं. डोंगरावरची हरणं त्याच्या नव्या झाडांची सालं सोलून काढत होती आणि पुढचे आठवडे तो वर मेंढ्या ठेवणार होता, म्हणजे शिकार बंद.

"देवाला मध्ये घालताय?" मी म्हणाले. "स्वतःचं चालत नाही तर देव?"

"देवाचं नाही, रीत आहे ती. आमच्याकडं त्या दिवशी मशीनचा एक पट्टा फिरायचा नाही."

"तुमच्याकडं दुसऱ्या दिवशी डबल शिफ्ट लागायची. मला आठवतंय."

मी फडकं घेऊन रायफल पुसली. पट्टा अंगणात नेऊन उलटा धरला आणि सतरंजी झटकावी तसा झटकला. काँक्रीटवर लाल तांदूळ पडले. परत आत येऊन म्हणाले, "चला. बसा गाडीत."

"पूजेतलं हत्यार चालवशील?"

"चालवीन."

"बघ हं."

"काय बघू? काय होईल? सांगा ना."

त्यांनी माकडटोपी चढवली आणि गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसले, जशी मी ड्रायव्हर. विकलोपर्यंत अधूनमधून ते स्तोत्र पुटपुटत होते, आणि मला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

शेतकरी सत्तरीचा आहे, मेंढ्या पाळतो, कमी बोलतो. त्याची अट एकच: त्याच्या जमिनीवर जखमी जनावर टाकून जायचं नाही. बाबांना बघून त्यानं टोपीला हात लावला, त्यांना गाडीत घोंगडी आणून दिली. बाबा काच वर करून बसून राहिले. मी एकटी वर चढले.

ऑक्टोबरात इथल्या सीका जातीच्या हरणांचे नर माद्यांसाठी भांडतात. त्यांचं ओरडणं शिट्टीसारखं सुरू होतं आणि घोगऱ्या किंकाळीनं संपतं. पायाखाली चिखल, गुडघ्यापर्यंत गवत, वारा तोंडावर. मी झुडपाच्या आडोशाला बसले. एरवी या वेळी माझं डोकं शांत असतं. त्या दिवशी नाही. बाबांना काय काय ऐकवायचं याचीच वाक्यं मी जुळवत होते, आणि नर समोर आला तेव्हाही एक वाक्य अर्धवटच होतं.

नर आडवा उभा होता. मी नेम धरला, ट्रिगर दाबला, आणि त्याच क्षणी तो पुढं सरकला. गोळी मागं लागली, पोटात. त्याचं अंग कमानीसारखं वाकलं. असं झालं की लगेच दुसरी गोळी घालायची असते, त्यासाठीच तर लिव्हरची रायफल. मी कडी खाली ओढली, वर रेटली. मिटली नाही. बोटभर उघडी राहिली. कडी पूर्ण मिटल्याशिवाय ट्रिगर चालत नाही. मी पुन्हा रेटली. नर दुडक्या चालीनं उतारावरून खाली गेला आणि लव्हाळ्यात दिसेनासा झाला.

मी रायफल उघडली. काडतुसाच्या बुडाच्या काठाला काहीतरी लाल चिकटलं होतं. नखानं काढलं. तांदळाचा दाणा. पट्ट्याच्या फासात तुपानं धरून राहिलेला, मी इतकं झटकूनही न पडलेला. काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा पोलादी बोल्ट एवढ्याशा दाण्यानं अडवून धरला होता. मी त्या रिकाम्या डोंगरावर मराठीत ज्या शिव्या दिल्या त्या बापाला कोणी देऊ नयेत.

नियम असा की अशा वेळी जनावराच्या मागं लगेच धावायचं नाही. धावलं की ते आणखी लांब जातं. थांबायचं, मदत आणायची. मी खाली आले. बाबांनी काच खाली केली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मी तळहातावरचा दाणा त्यांच्यापुढं धरला. "हे तुमचं. बोल्टमध्ये अडकलं. दुसरी गोळी सुटली नाही."

त्यांनी दाण्याकडं पाहिलं. "म्हणजे मेलं नाही?"

"पोट फुटून पळालंय."

त्यांच्या चेहऱ्यावर विजय असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. शेतकरी कुत्रं घेऊन आला. मी बाबांना सांगितलं, तुम्ही गाडीतून उतरू नका, घसरून पडाल. ते उतरले. पुण्याहून आणलेल्या काळ्या बुटांनी चिखलात चालू लागले. मी दोनदा ओरडले, परत जा म्हणून. शेतकऱ्यानं आपली काठी त्यांच्या हातात दिली.

कुत्र्यानं माग काढला. गवतावर रक्त, मग रक्तात मिसळलेलं हिरवं, पोटातलं. बाबा ते बघत होते. मी काहीच समजावलं नाही. बघा म्हणून आणलं होतं, बघू देत, असा दुष्टावा तेव्हाही माझ्यात शिल्लक होता. लव्हाळ्याच्या टोकाला नर खाली बसलेला सापडला. मान ताठ, कान आमच्याकडं. पोटाच्या भोकातून वाफ येत होती. त्यानं उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय हलले नाहीत. मग तो ओरडला नाही, काही नाही, नुसता आमच्याकडं बघत राहिला.

मी काडतूस काढलं.

"थांब," बाबा म्हणाले.

आता दयेची भीक मागणार, मला वाटलं. मी वळून त्यांच्यावर ओरडणार होते.

"बूड पूस आधी," ते म्हणाले. "नीट पूस. परत अडकायला नको."

मी अंगठ्यानं काठ पुसला, काडतूस आत घातलं, कडी मिटली. या वेळी ती टक करून पूर्ण बसली. जवळ गेले आणि मानेत गोळी घातली. मान गवतावर पडली. शेतकऱ्यानं कुत्र्याला मागं ओढलं आणि ग्रँड, एवढंच म्हणाला. इथं हा शब्द कशालाही चालतो.

मी कडी ओढली तशी रिकामी नळी उडून बाबांच्या बुटापाशी पडली. ते वाकले. इतका वेळ काठीवर रेलून उभा असलेला माणूस खाली वाकला आणि त्यानं ती गरम नळी उचलली. चष्मा कपाळावर. नळी डोळ्यांशी. ते तिच्या तोंडाकडं बघत होते. मुरड उलगडली होती, कडेला काजळी होती. कारखान्यात चाचणीचं मैदान पार दुसऱ्या टोकाला होतं आणि त्यांच्या खात्याच्या लोकांना तिथं जायची मनाई होती. आयुष्यभर त्यांनी फक्त मिटलेली तोंडं तपासली. उघडलेलं तोंड ते पहिल्यांदा बघत होते, आणि ज्याच्यासाठी ते उघडतं तेही समोर पडलं होतं. त्यांनी नळी शेतकऱ्याच्या हातात दिली, बाजूला गेले आणि ओकले.

मला हवं होतं ते मिळालं होतं. त्यांना तोंडघशी पाडायचं होतं, ते पडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले, त्यांनी झटकून टाकला.

परतताना ते पुढच्या सीटवर बसले. बूट काढून पायांशी ठेवले होते, मोज्यांतून पाणी गळत होतं. मी हीटर वाढवला. ते म्हणाले, "रायफल विकू नकोस. कोणत्या तोंडानं सांगू तुला मी?"

"मग राहाल ना?"

"नाही."

"बाबा, आता काय राहिलं भांडायला? सॉरी म्हणू? म्हणते."

"तुझ्याशी भांडण नाही. ती जिन्याखाली आहे हे माहीत असताना मला तिथं झोप लागायची नाही. आधी तुझा राग येऊन लागत नव्हती. आता तुझा येत नाही."

"पुण्याला एकटे काय करणार? परत पडलात तर?"

"पडीन."

इतका राग मला त्यांच्या हत्यारी म्हणण्याचाही आला नव्हता. तेव्हा निदान ते माझ्यावर चिडून होते, माझ्यासमोर बसून जेवत होते. मी गाडी चालवत राहिले. वायपर चालू होते.

"आमच्या टेबलाच्या डाव्या बाजूला एक लाल पेटी असायची," ते मध्येच म्हणाले. "नापास मालाची. चिरलेली, वाकडी, मुरड सैल राहिलेली, सगळी तिच्यात टाकायची. ती वितळवायला जायची. शिफ्ट संपताना पेटी रिकामी असली की साहेब पाठ थोपटायचे. सगळी पास. मग मी घरी येताना स्टेशनसमोरच्या दुकानातून तुझ्यासाठी आंबा बर्फी आणायचो."

मला ती बर्फी आठवत होती. चांदीचा वर्ख, केळीच्या पानाचा तुकडा, वरून दोरा. बाबा कोपऱ्यावरून वळले की मी फाटकाशी धावायचे, त्यांच्या हाताकडं बघायचे, आणि हात रिकामा दिसला की उद्या आणा, उद्या नक्की आणा, म्हणून रडायचे.